दाराला खोचलेला लिंबाचा डहाळा

आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ग्रंथालयात खिडकीजवळ एक कपाट आहे. भुताखेतांची, पुनर्जन्माची, मंत्रतंत्राची पुस्तकं मी त्यात ठेवतो. मुलं ती भरपूर नेतात. इतकी वर्षं मी त्या पुस्तकांवर नंबर टाकले, फाटलेले पुठ्ठे चिकटवले आणि कुणी विचारलंच तर सांगितलं, करमणूक म्हणून वाचा, खरं मानू नका. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन. तरी इथे लिहायला बसलोय, कारण या सदरात लोक आपले न उलगडलेले अनुभव लिहितात ते मी गेलं वर्षभर वाचतोय, आणि माझ्याजवळ जे आहे ते ठेवायला मला दुसरं कपाट सापडलं नाही.

लिहायला वेळ लागला. एका दिवशी पाच-सहा ओळी, मग दोन दिवस काही नाही... त्यामुळे मध्ये कुठे धागा सैल वाटला तर सांभाळून घ्या.

आमचं घर परळी वैजनाथला, रेल्वे स्टेशनच्या पलीकडे एका आतल्या गल्लीत आहे. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे लहानसा ओटा. दाराची चौकट निळी. चौकटीच्या वरच्या पट्टीत मधोमध एक खिळा आहे, आधीच्या भाडेकरूने तोरणासाठी ठोकलेला. औष्णिक केंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. वारा फिरला की राख येते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, गाड्यांच्या सीटवर, झाडांच्या पानांवर. आमच्या भागातल्या झाडांचा खरा रंग पावसाळ्यातच कळतो, एरवी सगळी करडी. ही राखेची गोष्ट जरा लक्षात असू द्या.

माझी बायको सुमन. तिचं माहेर सिरसाळ्याजवळच्या एका वस्तीवर. घरचे सगळे ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमाराला गाव सोडायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचं. तीही लहानपणी फडावरच्या पाचटाच्या कोपीत राहिलेली. पुढे वसतिगृहात राहून बारावी झाली आणि लग्नानंतर अंगणवाडीत लागली. सात वर्षांपूर्वी तिचे सांधे दुखायला लागले, गालांवर लाल चट्टे आले, केस गळाले. वर्षभर कुणी संधिवात म्हणालं, कुणी उष्णता. मग लातूरच्या एका डॉक्टरांनी नाव सांगितलं... ल्युपस. शरीराचं रक्षण करणारी जी शक्ती असते तीच उलटून शरीरावर चालून येते. सुमनच्या बाबतीत ती किडनीपर्यंत पोचली होती. औषधं देऊन त्या शक्तीलाच दाबून ठेवायचं, हा उपचार.

मला हे नीट समजावून सांगितलं ते वाघमारे सिस्टरांनी. त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. मोठ्या आवाजाच्या, पांढरी साडी अजूनही न सोडलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि विचारलं,

"सर, तुमच्या वडिलांची मेंढरं व्हती ना?"

"होती."

"राखणीचं कुत्रंच मेंढरांवर उठलं तर काय करता?"

"बांधून ठेवतो."

"अन मग लांडगा आला तर?"

उत्तरही त्यांनीच दिलं.

"तर तुमी जागं राहायचं. या गोळ्या म्हणजे कुत्र्याची साखळी हाय. आता राखण तुमची. साधा खोकलासुद्धा लांडगा समजायचा."

त्या दिवसापासून मी राखण केली. ओट्यावर नळाखाली बादली, शेजारी साबण. चपला बाहेर. हात वीस आकडे मोजून धुवायचे, सिस्टर स्वतः उभ्या राहून मोजायच्या आणि मी पंधरावर थांबलो की म्हणायच्या, "पुस्तकाची पानं अशीच गाळता का हो?" तोंडाला मास्क. पाणी उकळून गाळलेलं. फळ असेल तर साल काढलेलं, कच्ची कोशिंबीर नाही, सकाळचं अन्न संध्याकाळी नाही. खोलीत फुलं नाहीत, कुंडी नाही. झाडू मारायचा नाही, राख उडते. ओल्या फडक्याने पुसायचं. ऊन तिला चालत नव्हतं म्हणून खिडकीला जाड पडदा. रोज बॅटरी लावून तिच्या तोंडात पांढरे डाग आलेत का पाहायचं, पायाच्या बोटांमधली कातडी पाहायची. सकाळी आठला आणि दुपारी चारला ताप मोजून वहीत लिहायचा. शंभरच्या वर आकडा गेला तर काढा नाही, पट्टी नाही, सरळ दवाखाना.

हे सगळं जमतं. कंटाळा येतो, पाठ धरते, पण जमतं. कॉलेजने मला सकाळची अर्धी वेळ दिली होती. मी नसताना सिस्टर येऊन बसायच्या. न जमणारी गोष्ट एकच होती... भेटायला येणारी माणसं.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य असतं. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचं, उशाशी बसायचं, तोंडावरून हात फिरवायचा, डोळ्याला पदर लावायचा. कोण आलं आणि कोण नाही हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. अशा माणसाला दारात थांबवून "लांबूनच बघा" म्हणणं म्हणजे तोंडावर पाणी फेकणं. कोविडच्या काळात लोकांनी ते सोसलं, पण त्यानंतर मास्क हा शब्दही कुणाला नको झाला होता. आणि मी नाही म्हणू शकणारा माणूस नाही. दरवेळी दारात उभा राहून काहीतरी पुटपुटायचो, तोवर पाहुणा आत जाऊन बसलेला असायचा.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरची गोष्ट. गल्लीतल्या चौघीजणी सुमनला हळदीकुंकू लावायला चार वाजता येणार होत्या. शेजारच्या शकूमावशींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी नुकताच तिच्या औषधाचा डोस वाढवला होता. मी सकाळपासून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. चार वाजले. ताप मोजला, वहीत लिहिला. साडेचार झाले, पाच झाले. कुणी आलं नाही. बाहेर येऊन पाहिलं तर दाराच्या वरच्या खिळ्याला कडुलिंबाचा डहाळा अडकवलेला. पाला खाली लोंबत होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरात कुणाला कांजण्या निघाल्या की आमच्याकडे 'आई आली' म्हणतात, आणि दाराला लिंबाचा डहाळा लावतात. तो दिसला की आलेला माणूस उंबऱ्यापासून मागे फिरतो. हाक मारत नाही, कारण विचारत नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे रागही धरत नाही. माझ्या वडिलांच्या वस्तीवर पोलीसपाटलालासुद्धा डहाळ्याने परत पाठवलेलं मी लहानपणी पाहिलंय.

शकूमावशी त्यांच्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "सर, सांगायचं तरी. आमी वाण घेऊन दारापात्तर आलतो. कुणाला आली आई? सुमनला का?"

"कुणालाच नाही, मावशी. डहाळा तुम्ही लावलात का?"

"आमी कावून लावू? आमालाच तर परत जावं लागलं."

मला वाटलं सिस्टरांचं काम असणार. मी डहाळा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्या भाजी निवडत होत्या. हसून म्हणाल्या, "मी तर समजले तुमीच लावला. म्हणलं, सर हुशार निघाले. तोंडानं नाही म्हणता येत न्हाई, तर पाल्यानं म्हणले."

आठवड्याभराने त्या चौघींपैकी टेलरच्या बायकोच्या खोकल्याची तपासणी झाली. टीबी निघाला. ती दोन महिने खोकत होती आणि त्या दिवशी सुमनच्या अगदी तोंडाजवळ वाकून कुंकू लावणार होती. मी वहीत तारखेपुढे 'डहाळा' असं लिहिलं आणि पुढे 'योगायोग' असंही लिहिलं. तो शब्द मी अजून खोडलेला नाही.

त्यानंतर मार्चच्या मध्यापर्यंत डहाळा आणखी चारदा आला. त्यातल्या दोनदा कुणी येऊन परत गेलं, की कुणी आलंच नाही, मला माहीत नाही. उगाच गोष्ट फुगवायची नाही म्हणून हे सांगतो. एकदा माझे मावसभाऊ घरात तापाची साथ असताना आले होते, ते परत गेले. आणि एकदा जे झालं ते मी स्वतः पाहिलं... म्हणजे पाहिलं नाही, हेच तर सांगायचंय.

फेब्रुवारीतली दुपार. मी ओटा पुसत होतो. दार सताड उघडं, खिळा रिकामा. माझी नजर त्याच्यावर गेली होती, कारण तोवर ती सवय लागली होती. आत गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलं होतं, ते उतू जायला लागल्याचा आवाज आला. मी आत गेलो, गॅस बंद केला, हात पुसले, बाहेर आलो. दोन मिनिटं म्हणा. खिळ्याला डहाळा होता. पाल्याच्या टोकांवरून पाणी ठिबकत होतं आणि मी नुकत्याच पुसलेल्या ओट्यावर त्याचे थेंब पडत होते. ओट्यावर माझ्याशिवाय कुणाच्याही पावलांचा ठसा नव्हता. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्या खिळ्यापर्यंत मला स्वतःला स्टूल घ्यावं लागतं.

मी अजून तिथेच उभा होतो तेवढ्यात कॉलेजातले क्लार्क जाधव सायकलवरून आले. काळा चष्मा घातलेला. डहाळ्याकडे पाहिलं, लांबूनच नमस्कार केला. "सर, बरं झालं बगा, मीच आत येणार न्हवतो. डोळे आलेत. फक्त सहीचा कागद द्यायचा व्हता, वाटलं वैनीलाबी बघून जावं." कागद ओट्याच्या कडेला ठेवून गेले.

तो डहाळा मी सिस्टरांना दाखवला. त्यांनी एक पान तोडून आपल्या पांढऱ्या पदरावर जोरात घासलं. पदर पांढराच राहिला. मग त्या उठल्या, रस्त्यापलीकडे शाळेच्या भिंतीशी लिंबाचं झाड आहे त्याचं एक पान आणलं आणि पदराच्या दुसऱ्या टोकाला घासलं. करडा पट्टा उमटला.

"इथल्या झाडाचा न्हाई हा," त्या म्हणाल्या.

"धुऊन आणला असेल कुणी."

"असंल." त्यांनी पदर झटकला. त्या देवळातसुद्धा न जाणाऱ्या बाई. मग म्हणाल्या, "कुणी का लावंना, सर. माझ्या वार्डात असं एक माणूस मला मिळालं असतं तर मी त्याला सोडलं नसतं."

सुमनला मात्र यातलं काही पटत नव्हतं. तिच्या पलंगावरून दार दिसत नसे. तिला फक्त एवढंच कळत होतं की माणसं येईनाशी झाली आहेत. अंगणवाडीत दिवसभर तीस मुलांत राहिलेली बाई. आता तिच्याशी बोलायला मी, सिस्टर आणि थर्मामीटर. शकूमावशी खिडकीतून एकदा बोलून गेल्या तेव्हा तिला डहाळ्याचं समजलं.

संध्याकाळी मी तिच्या पायांना तेल लावत होतो. ती म्हणाली,

"तुमी लिंब लावता दाराला?"

"मी नाही लावत."

"मग कोण लावतं?"

"माहीत नाही."

"सहा वर्षं झाली या दुखण्याला, आता खोटं बोलायला लागलात तेही नीट जमंना तुमाला." ती हसली नाही. "एक सांगा. पाडव्याच्या आधी बाळू येईल. तवाबी लिंब लागणार का?"

बाळू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी ईश्वरी तिकडे कारखान्यावर ऊस तोडत होते. वर्षातून दोनदाच भेट व्हायची, जाताना आणि आल्यावर.

"सुमन, मी खरंच..."

"माझी माणसं धुळीतली, कोपीतली. ती पलंगावर बसली की तुमी चादर उकळता. मी बघत न्हाई का? उकळा, माझ्यासाठीच उकळता. पण त्यांना दारातून परत लावू नका. तेवढं एक करू नका."

मी चादर सगळ्यांचीच उकळायचो. जाधव बसले असते तर त्यांचीही उकळली असती. पण हे मी बोललो नाही. तिचे पाय हातात होते, सुजलेले, आणि बोटाने दाबलं की खड्डा राहत होता. वाद घालायची शक्ती तिच्यात नव्हती, माझ्यात तर मुळीच नव्हती. "नाही लावणार," एवढं म्हणालो. न केलेल्या गोष्टीचं वचन दिलं.

पाडव्याला चार दिवस होते. दुपारी साडेतीनच्या सुमाराला गल्लीतून बाळूचा आवाज आला. मी बाहेर आलो. ते तिघं ओट्यापासून दहा पावलांवर थांबले होते. बाळूच्या खांद्यावर पिशवी, त्याच्या बायकोच्या कडेवर ईश्वरी. तिघंही माझ्या डोक्याच्या वर बघत होते. मी मान वर केली.

डहाळा होता. या वेळी मोठा होता, पाला जवळजवळ माझ्या कपाळाला लागत होता.

"दाजी, आई आली का घरात?" बाळूने विचारलं.

माझे डोळे पाल्यावरच होते. त्याने बायकोकडे पाहिलं, पिशवी खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या मग. गूळ हाय आक्कासाठी, अन हुरड्याची ज्वारी. पुन्यांदा येऊ आमी." तो मागे वळला. खरंच वळला. त्याची पाठ मला दिसली.

आतून सुमनचा आवाज आला. तिने भावाचा आवाज ओळखला होता. "बाळू आला ना हो? मग बाहेर कावून उभा केला?"

मला सगळं माहीत होतं. टेलरची बायको माहीत होती, ओट्यावर पडलेले थेंब माहीत होते, सिस्टरांचा पदर माहीत होता. त्याच वेळी हेही माहीत होतं की तो आता गेला तर ती माझ्याकडे कसं बघेल, आणि उरलेले जितके दिवस असतील तितके कसं बघत राहील. मी स्वतःला म्हणालो, तू ग्रंथपाल आहेस. पाल्याला घाबरतोस? मी स्टूल आणलं, चढलो आणि डहाळा काढला.

"या," मी म्हटलं. "तसं काही नाही. हात धुऊन आत या."

मी नियमाने सगळं केलं. तिघांचे हात धुतले. मास्क दिले. ईश्वरीच्या तोंडावर मास्क राहीना, सारखा नाकाखाली येत होता. तिला उचलून बादलीजवळ नेताना मला तिचं अंग कोमट लागलं. मी तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "उन्हातून आलाव ना दाजी, ट्रॅक्टरात बसून. भट्टीवानी तापलाव समदे." तेही खरंच होतं. माझंही अंग त्या वेळी तापलेलं असणार. थर्मामीटर आत, हाताच्या अंतरावर होता. मुलीला पाहुणी म्हणून आल्या आल्या थर्मामीटर लावणं मला जमलं नाही.

आणि मग सुमनच्या खोलीत हसण्याचा आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"काय गं, आत्याला वळखलं का?" ती विचारत होती.

"तुजे केस कुटं गेले?" ईश्वरी म्हणाली.

"तुला दिले. बघ, किती झाले तुला."

बाळू म्हणाला, "आक्का, लई वाळलीस. आमच्या फडावर ये, मोळ्या उचल, दोन दिवसात ठणठणीत."

"तू तरी उचलल्या का, का बसला वैनीला कामाला लावून?"

"तेच तर," त्याची बायको म्हणाली. "टोळीत सगळे ह्यांना मुकादम म्हणायलेत."

मी चहा करत होतो. आत सुमन ईश्वरीला हात धुवायला शिकवत होती. अंगणवाडीतल्या आवाजात, एक ते वीस. मुलगी बारानंतर अडखळायची आणि सुमन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मला दिसलं की ती पलंगावर चढून सुमनच्या कुशीत बसलीय. मला म्हणायचं होतं, जरा लांब. मी कपात साखर घालत राहिलो. डहाळा ओट्याच्या कोपऱ्यात पडला होता. संध्याकाळी ते गेल्यावर मी तो उचलून कचऱ्यात टाकला.

त्या रात्री सुमन जेवली. दोन भाकरी. म्हणाली, "आज राग गेला तुमच्यावरचा."

तिसऱ्या दिवशी बाळूचा फोन आला. ईश्वरीला आई आली होती. अंगभर. त्यांच्या टोळीतल्या आणखी तीन लेकरांना निघाल्या होत्या.

सिस्टर चप्पल न घालता धावत आल्या. सुमनला लहानपणी कांजण्या झाल्या नव्हत्या, हे वहीच्या पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. डॉक्टरांना फोन केले, जी औषधं द्यायची असतात ती सुरू केली. त्या भेटीनंतर बाराव्या दिवशी दुपारी चारला वहीत शंभर पूर्णांक चार लिहिलं. आम्ही लगेच लातूरला निघालो. तिथल्या डॉक्टरांनी, नर्सांनी काही कमी केलं नाही. फोड छातीत उतरले, असं त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. नवव्या दिवशी ती गेली. वहीत त्यानंतरची पानं कोरी आहेत.

त्यानंतर आमच्या दाराला डहाळा कधीच आला नाही. माणसं आली, गल्लीतली, कॉलेजातली, ज्यांना तो परत फिरवायचा ती सगळी. रोज ओटा भरलेला असायचा आणि खिळा रिकामा. मी पुष्कळ विचार केला. सिस्टर लावत असतील? त्या नाही म्हणाल्या आणि त्या खोटं बोलत नाहीत. शकूमावशींच्या घरातलं कुणी? त्या दोन मिनिटांत, पावलाचा ठसा न उठवता? मीच लावत असेन आणि मला आठवत नसेल, जागरणाने, थकव्याने? हेही मी धरून पाहिलं. लातूरच्या डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, फार थकलेल्या माणसाच्या हातून असं घडू शकतं. असेल. पण मग तो राख नसलेला पाला मी परळीत कुठून आणत होतो? याचं उत्तर मला सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता शोधायचा उत्साहही उरलेला नाही. डहाळा कोण लावत होतं ते मला ठाऊक नाही. तो काढला कुणी, ते मात्र ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात, या वर्षीचा हंगाम संपल्यावर, बाळू आला. गल्लीतच उभा राहिला, दहा पावलांवर, अगदी त्याच जागी. शेजारी ईश्वरी.

"दाजी, येऊ का आत?"

तो असं कधी विचारत नसे. मी म्हटलं, "विचारतोस काय?"

"न्हाई, तुमी सांगा. त्या दिशी मी फिरलो व्हतो. तसाच चार पावलं निगून गेलो असतो तर..."

"मी बोलावलं तुला, बाळू."

"व्हय. पन मी आलो नं."

मी त्याला सांगितलं नाही की त्या रात्री ती दोन भाकरी जेवली. सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी सांगेन. ती दुपार नसती तर ती आज असती, आणि मग तिच्या मनात मी कोण असतो, हा हिशेब मला लावता येत नाही. मी रोज लावतो आणि रोज तिथेच अडतो.

ईश्वरी आमच्या दोघांच्या मधून सरळ ओट्यावर आली. तिच्या कपाळावर कांजण्यांचे दोन खड्डे राहिलेत. बादली अजून तिथेच आहे, साबणही. आता कशाला ठेवलंय असं सिस्टर विचारतात, मी बादली भरून ठेवतो. तिने चपला काढल्या, बाहेर नीट जोडून ठेवल्या. नळ सोडला. हाताला साबण लावला आणि मोजायला लागली. मोठ्याने, अंगणवाडीतल्या चालीत. अकरा, बारा... मी वाट पाहत होतो. ती अडखळली नाही. अठरा, एकोणीस, वीस.

मग ओले हात समोर धरून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी वर चौकटीकडे पाहिलं. खिळ्याला काही नव्हतं.

"ये," मी म्हटलं.